काहूनची वर्गणी

घाटंजीहून रानाच्या अंगानं निघालं आणि नाला ओलांडला, की उत्तमसिंग नाईकाचा तांडा लागायचा. या माणसांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. नातवंडं आता एका जागी बसून कापसाची पऱ्हाटी पेरत होती. सुखीबाई याच तांड्यातली. उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. तिचा नवरा फकिरा लाकडांची बंडी उतारावरून आणताना चाकाखाली आला आणि गेला. मागे दोन लेकरं राहिली, सात वर्षांचा किसनसिंग आणि त्याच्या पाठची गंगी.

विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, त्या वर्षीची गोष्ट. आजूबाजूच्या गावांत देवीची साथ होती. लस टोचायला सरकारचा माणूस तांड्यात येणार अशी बातमी आली. कोणी म्हणालं, टोचलं की आई कोपते. कोणी म्हणालं, टोचलेली पोरं पुढं सरकार घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत अख्खा तांडा रानात पळाला. सुखीबाईही पळाली. कडेवर गंगी, हाताला किसन. किसनचे पाय काट्यांनी फाटले होते. धापा टाकत तो विचारत होता, "याडी, काहून पळून राह्यलो आपण?"

"चूप बस," सुखीबाई म्हणाली. आईला तिच्या बोलीत याडी म्हणतात, आणि ‘का’ला त्या मुलखात काहून.

टोचणारा माणूस रिकाम्या झोपड्या पाहून परत गेला. थोड्याच दिवसांत साथ तांड्यात शिरली. किसन पहिल्या फेरीतच पडला. अंगभर फोड आले, पापण्या चिकटल्या. शेवटी त्यानं पाणी मागितलं, आणि ती गाडगं घेऊन येईपर्यंत तो गेला होता.

देवी आईची मर्जी, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. तिनंही मान हलवली. पण वेचणी करताना मध्येच तिचे हात थांबायचे. शेजारच्या बायांना वाटायचं, नवऱ्याची याद आली असेल. तिला मात्र तो धापा टाकत विचारणारा आवाज ऐकू यायचा. चूप बस, असं आपण काहून म्हणालो? आपल्याला तरी कुठं माहीत होतं आपण कशाला पळतोय ते? पळणाऱ्या एवढ्या मोठ्या माणसांत विचारणारा तो एकटाच होता.

तांड्याची शाळा नाईकाच्या गोठ्याला लागून होती. मास्तर जब्बार, घाटंजीच्या एका पिंजाऱ्याचा मुलगा. बापाची कापूस पिंजायची धनुकली सोडून हा मास्तर झाला होता. सायकलवरून यायचा, नाल्यापाशी सायकल खांद्यावर घ्यायचा. पाढे, कविता, सनावळ्या, जे वरून सांगितलं ते तो घोकून घ्यायचा आणि पोरंही घोकायची. गंगीही त्यांच्यात बसायला लागली होती.

एका उन्हाळ्यात मास्तरांना यवतमाळला शिबिराला बोलावलं. परत आले ते वेगळेच होऊन. डोळ्यांत चमक, बोलण्यात घाई. त्यांनी नाईकाला गळ घालून तांड्याची बैठक बसवली.

"शिक्षणाच्या कचेरीत बबनराव म्हणून नवे साहेब आले," मास्तर म्हणाले. "त्याइनं एक नवा अभ्यासक्रम काढला. पोरांनी पाठ नाही करायचं. पाहायचं, मोजायचं, इचारायचं, न् आपल्या डोक्यानं उत्तर काढायचं. जिल्ह्यातल्या थोड्याच शाळांत करून पाहणार हायेत. आपली शाळा मी मागून आणली. आता सामान लागते. वजनकाटा, भिंग, थर्मामीटर, कागद. मास्तरले शिकवणारा माणूस लागते. अर्धा पैसा कचेरी देते, अर्धी लोकवर्गणी."

खेमसिंग नावाचा थट्टेखोर गडी मागं बसला होता. "मास्तर, इचार करायले पैसे लागते काय? आमी तं फुकटात करून राह्यलो."

बैठक खो-खो हसली. नाईकही हसला. "शाळेले छप्पर मागा, देतो," तो म्हणाला. "त्यावर घालायले कवेलू मागा, देतो. इचाराले वर्गणी कोन देते, मास्तर?"

तेव्हा बायकांच्या बाजूनं सुखीबाई उभी राहिली. बैठकीत बाई उभी राहणं, त्यातून विधवा, हे तांड्याला नवं होतं.

"मी देईन," ती म्हणाली. "माहा किसन पळता पळता इचारे, काहून पळून राह्यलो. मी त्याले चूप बसवलं. थो मेला. आता गंगी हाये. ते इचारते तं मले सांगता नाही येत. मास्तर सांगायचं शिकून आले म्हणते, तं त्याइले सामान पायजे. माह्याजवळ पैसा नाही. मी कापूस गोळा करीन. वेचणीतून घराघरानं एक-एक ओंजळ द्या."

कोणी हसलं नाही. किसनसारखी लेकरं त्या साथीत आणखीही घरांतून गेली होती. उत्तमसिंग नाईक खाली पाहून काडीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "माह्या घरची ओंजळ पहिली."

त्या हंगामात सुखीबाई रोज दिवस मावळताना मोठं फडकं घेऊन दारोदार फिरली. शेजारच्या बिजलीबाईनं पहिल्या दिवशी दार लावून घेतलं. "लेकराच्या नावानं भीक मांगून राह्यली," बाहेर ऐकू जाईल अशी ती आतून म्हणाली. सुखीबाई पुढच्या दारी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिजलीबाईच्या दारी उभी राहिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी बिजलीबाईनंच एके दिवशी दोन ओंजळी टाकल्या आणि म्हणाली, "जाय बापा, तुह्यापुढं कोन जिंकते."

हंगाम संपता संपता कापसानं भरलेली नाईकाची बंडी घाटंजीला गेली. बंडीमागं सुखीबाई आणि मास्तर पायी चालले. पैसा कचेरीत पोचता झाला आणि पावसाळ्याच्या तोंडी सामानाची पेटी आली.

पुढची दोन वर्षं ही त्या तांड्याची सगळ्यात चांगली वर्षं, असं सुखीबाई पुढं म्हणायची. अभ्यासक्रमाचं सरकारी नाव लांबलचक होतं. पोरांनी त्याला काहूनचा तास म्हणायला सुरुवात केली. सुखीबाई कामावरून लवकर सुटली की गोठ्याच्या दारात येऊन बसायची.

एकदा मास्तरांनी विचारलं, मडक्यातलं पाणी थंड काहून होते? पोरं भांडायला लागली. गंगी ठणकावून म्हणाली, "जमिनीचा गारवा वर येते म्हून."

"मंग पाहू या," मास्तर म्हणाले. एक मडकं जमिनीवर ठेवलं, एक दोरीनं आढ्याला टांगलं. तिसऱ्याला बाहेरून तेल चोपडलं. दुसऱ्या दिवशी गंगीनं टांगलेल्या मडक्यात हात घातला. पाणी गार होतं. तेलाच्या मडक्यातलं तेवढं कोमट. ती टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "मी चुकली! याडी, मी चुकली! जमिनीचं काही नाही, मडक्याले घाम आला पायजे!"

आपण चुकलो याचा एवढा आनंद झालेलं माणूस सुखीबाईनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती पदरात तोंड घालून हसली.

तास सुटल्यावर पोरं गेली, पण ती उठली नाही. मास्तर सामान आवरत होते. ती म्हणाली, "मास्तर, एक इचारू काय? टोचलं असतं तं किसन वाचला असता?"

मास्तरांच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. खोटं सांगता आलं असतं. नशिबाचं, देवाचं, काहीही. पण ज्या जागी ते रोज पोरांना खरं शोधायला सांगत, त्या जागी खोटं त्यांच्या तोंडून निघेना.

"वाचला असता, सुखीबाई," ते हळू म्हणाले. "बहुतेक वाचला असता."

"बरं केलं सांगितलं," एवढंच ती म्हणाली आणि घरी गेली. त्यानंतर तिला दोन दिवस कोणी पाहिलं नाही. बिजलीबाईनं भाकर नेऊन दिली ती तशीच पडून होती.

पण पुढच्या खेपेला टोचणारा माणूस आला तेव्हा तांडा पळाला नाही. काहूनच्या तासाची पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. सुईत काय असते, ताप काहून येते, लशीशी गाईचा काय संबंध, असं विचारून त्याला भंडावून सोडलं. त्यानंही हसत हसत सगळं सांगितलं. सुखीबाईनं गंगीचा दंड सगळ्यांच्या आधी पुढं केला. मग आपला केला. रांग लागली. किसनच्या वयाची पोरं रांगेत एकमेकांना ढकलत, खिदळत होती. ती पाहता पाहता सुखीबाईला तिथं उभं राहवलं नाही. ती नाल्यावर निघून गेली.

मग राज्य पुन्हा बदललं. महाराष्ट्र झाला. तांड्यात गूळ वाटला, झेंडा लागला. कचेऱ्यांचीही उलथापालथ झाली. नव्या वर्षाला अभ्यासक्रमाचा पैसा हवा तर नवी अट आली, फळ दाखवा. किती पोरांना किती गुण मिळाले ते कळवा. तांड्याची वर्गणी याही वर्षी गेली होती, सुखीबाईच्याच फडक्यातून. त्या पैशाचं काय आलं, तर छापील पुस्तकांचा गठ्ठा. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर.

मास्तरांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळे त्यांचेच प्रश्न होते. पुढच्या शिबिरांत मास्तरांनी सांगितलेले, पोरांनी विचारलेले प्रश्न साहेबांनी जमा करून छापले होते, आणि त्यांची उत्तरंही. वर हुकूम, उन्हाळ्याआधी पुस्तक पुरं करावं, तोंडी परीक्षा होईल.

मास्तरांनी काही दिवस चोरून मडकी, भिंगं चालू ठेवली. पण तपासणी आली आणि पुस्तक मागं पडल्याचा शेरा मिळाला. मग गोठ्यातून पुन्हा घोकण्याचा आवाज यायला लागला. लांबून ऐकणाऱ्याला तो पाढ्यांसारखाच वाटे.

परीक्षेला खुद्द बबनराव आले. गोठा शेणानं सारवला होता, दाराला आंब्याचे टहाळे. तांड्यातली सगळी माणसं जमली. गंगी आता तिसरीत होती. साहेबांनी तिला उभं केलं.

"सांग बाळ, मडक्यातले पाणी थंड का होते?"

गंगी हात जोडून, डोळे मिटून, एका दमात म्हणाली, "मडके सच्छिद्र असल्यामुळे त्यातील पाणी पृष्ठभागावर झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनास लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी थंड होते."

एक अक्षर चुकलं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेब म्हणाले, हा तांडा सगळ्या शाळांत पहिला. सोबतच्या माणसानं फोटो काढला. उत्तमसिंग नाईकाची छाती फुगली. जब्बार मास्तर भिंतीला टेकून उभे होते. ते खाली पाहत होते.

घरी आल्यावर सुखीबाईनं विचारलं, "गंगे, बाष्पीभवन म्हंजे काय वं?"

"तसं लिवलं हाये."

"पन म्हंजे काय?"

गंगी वैतागली. "याडी, म्हंजे काय थे नाही इचारत आता. पाठ करा लागते. चुकलं तं गुण कापते."

सुखीबाईला वाटलं, पुन्हा एक लेकरू हातातून निसटत आहे. हे असं वाटणंही तिला पाप वाटलं, कारण लेक तर समोर धडधाकट बसून भाकर खात होती.

ती एकटी यवतमाळला गेली. एसटीनं जायची ती पहिलीच वेळ. कचेरीच्या पायऱ्यांवर दुपारपर्यंत बसली तेव्हा बबनरावांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. गंगीची आई म्हणून तिला ओळखलं, बसायला सांगितलं, चहा मागवला.

"साहेब, आमी कापूस दिला थो पोरांनी इचारावं म्हून दिला," ती उभ्यानंच म्हणाली. "आता पोरं इचारत नाही. आमची वर्गणी कायले घेतली?"

बबनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुमच्याइतकंच मलाही वाईट वाटतं. पण विचार मोजून दाखवता येत नाही. वर कागद मागतात, गुण मागतात. मी नुसतं म्हणालो की मुलं विचार करायला लागली, तर पैसा बंद. पुस्तक काढलं म्हणून निदान अभ्यासक्रम तरी जिवंत राहिला."

"जिवंत?" सुखीबाई म्हणाली. चहा तसाच ठेवून ती उठली.

त्या पावसाळ्यात मास्तरांची बदली झाली, झरीकडच्या रानात. जायच्या दिवशी सायकल दाराशी उभी करून ते सुखीबाईच्या अंगणात आले.

"मले माफ करा," ते म्हणाले. "तुमच्या ओंजळीचं मी काही करू नाही शकलो."

"मास्तर, तुमीच तं केलं," ती म्हणाली. "मले खरं सांगनारे तुमी एकलेच." मास्तरांनी तोंड फिरवलं आणि सायकल हातात धरून चालत गेले. सायकलवर बसायचं त्यांना भानच राहिलं नाही.

मग सुखीबाईनं एक वेडेपणा केला. संध्याकाळी अंगणात पोरं गोळा करून ती स्वतःच काहूनचा तास घ्यायला लागली. अक्षरओळख नाही, पण दोन वर्षं दारात बसून पाहिलं होतं. मुंगळे रांगेनं काहून जाते? सावली लांब काहून होते? पोरं आधी हौसेनं आली. मग आयांनी हाका मारायला सुरुवात केली, पुस्तक कोन पाठ करनार? एकेक कमी होत गेलं. गंगी तर पहिल्यापासूनच बाहेर आली नाही. शेवटी एके संध्याकाळी ती दारात येऊन म्हणाली, "याडी, बंद कर. लोक हासून राह्यले. तुले काय समजते?"

सुखीबाईनं अंगण झाडून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तास बंद.

चौथीच्या गुणांवर गंगीची यवतमाळच्या वसतिगृहासाठी निवड झाली. ज्या पाठांतरानं सुखीबाईचं काळीज पोखरलं, त्याच पाठांतरानं तिच्या लेकीला वाट मिळाली. नाही तर तिच्या वयाच्या पोरींची लग्नं ठरत होती. सुखीबाईनं काय म्हणावं? तिनं लेकीसाठी नवी कांचळी, म्हणजे चोळी, शिवली, चुलीवरच्या चार भाकरी बांधून दिल्या आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली.

गंगी हुशार होती आणि कष्टाळूही. सातवी झाली, मास्तरकीचं शिक्षण झालं, आणि कळंबला शाळेत नोकरी लागली. तांड्यातली पहिली शिकलेली बाई. चिंतामणीच्या देवळाकडच्या गल्लीत तिनं खोली घेतली आणि आईला निरोपावर निरोप पाठवले. एका थंडीत सुखीबाई गेली. गंगीनं तिला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, नवं लुगडं दिलं, भात-वरण जेवू घातलं. "आता इथंच राह्य," म्हणाली. रात्री आईचे पाय चेपले. सुखीबाईला वाटलं, सगळं भरून पावलं.

सकाळी तिनं हट्ट धरला, तुही शाळा पाह्यतो. वर्गाच्या बाहेर ओट्यावर ती जाऊन बसली. खिडकीतून गंगी दिसत होती. पांढरं पातळ, हातात पट्टी. पावसाचा धडा चालू होता. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, पोरं एका सुरात म्हणत होती. मध्येच मागच्या बाकावरची गुलनार नावाची एक पोरगी उभी राहिली.

"बाई, समुद्र खारा हाये तं पाऊस खारा काहून नाही?"

सुखीबाई ओट्यावर ताठ झाली. आता गंगी हसेल, आता म्हणेल, पाहू या.

गंगीनं पट्टी टेबलावर आपटली. "परीक्षेत येत नाही ते विचारायचं नाही. बस खाली. पुढचं म्हणा."

पोरगी बसली. सगळ्यांनी पुढचं म्हटलं. तिचेही ओठ हलत होते.

संध्याकाळी खोलीवर सुखीबाईनं विचारलं, "गंगे, त्या पोरीनं काय इचारलं होतं वं?"

"कोणत्या पोरीनं?" गंगी स्टोव्हला पंप मारत म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं.

सकाळच्या गाडीनं सुखीबाई निघाली. गंगी रडली. माझं काय चुकलं ते तरी सांग, म्हणाली. सुखीबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. लेकीचं काही चुकलं नव्हतं. तिला जे दिलं तेच ती देत होती. हे कसं सांगायचं, आणि सांगून कोणाचं भलं व्हायचं होतं? "रानात काम पडलं," ती म्हणाली. नंतर गंगीच दिवाळीला तांड्यात यायची. मायलेकी चांगल्या बोलायच्या, हसायच्या. शाळेचा विषय मात्र सुखीबाई कधी काढायची नाही.

पुढच्या वर्षी घाटंजीच्या बाजारात तिला जब्बार मास्तर भेटले. केस पांढरे झाले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. बायको हुस्नाबी हात धरून चालवत होती. आवाजावरून त्यांनी सुखीबाईला ओळखलं.

"गंगी कशी हाये?"

"कळंबले मास्तरीण झाली."

मास्तरांनी हातातली थैली खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. "ऐकलं काय," ते बायकोला म्हणाले, "हेच थे गंगी, मडक्यानं खोटं पाडलं तं नाचत सुटली होती!" मग सुखीबाईकडं वळून म्हणाले, "मंग आपलं वाया नाही गेलं. मले तिकडं रानात रोज वाटे, सारं मातीत गेलं. आता एवढी पोरं तिच्यासमोर बसत असतील. इचारत असतील न् तिले?"

सुखीबाईनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तसा चेहरा तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"व्हय मास्तर," ती म्हणाली. "इचारते पोरं."

मास्तरांनी हट्टानं जिलबी घेतली, पुड्यात बांधून तिच्या हातात दिली. गंगीले द्या, म्हणाले, माह्याकडून. समोरच्या कापडवाल्याला, वजनकाट्यावरच्या माणसाला, भेटेल त्याला ते सांगत सुटले की माझ्या हाताखालची पोरगी मास्तरीण झाली. हुस्नाबी हसत होती. सुखीबाई पुडा छातीशी धरून बाजाराच्या गर्दीतून वाट काढत निघाली.

तांड्यात पोचेपर्यंत पाक कागदातून झिरपून तिच्या कांचळीला लागला होता. तिनं जिलबी बिजलीबाईच्या नातवंडांना वाटून टाकली, स्वतः तुकडाही खाल्ला नाही, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली.